सातव्या भागातली जीभ

माझं कामच संशय घेण्याचं होतं. आमच्या कार्टूनच्या स्टुडिओत चित्रकार कागदावर चित्रं काढायचे, गिरवणाऱ्या मुली ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर गिरवायच्या, रंगवणाऱ्या त्यात रंग भरायच्या, आणि कॅमेऱ्याखाली जाण्याआधी प्रत्येक ताव माझ्या काचेच्या टेबलावर यायचा. कोटाची बटणं जागेवर आहेत का, मागच्या तावात डोक्यावर असलेली टोपी या तावात गेली कुठे, हाताला एखादं बोट जास्तीचं फुटलं नाही ना, हे मी बघायचे. अशा कामाने स्वभाव नासतो. ट्राममध्ये समोर बसलेल्या माणसाच्या दोन मिशा सारख्या नसल्या तरी मला चैन पडत नसे. पोरी मला श्टेफामावशी म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की इन्स्पेक्टरीणबाई.

इन्स्पेक्टर आमच्या मालिकेतला, इन्स्पेक्टर पूझ. पूझ म्हणजे आमच्या भाषेत गोगलगाय. कॉलर उभी केलेला भला मोठा कोट घालायचा आणि घाबरला की अख्खा त्या कोटात शिरायचा. चोरी झाली, माल विकला गेला, त्या पैशावर चोराचं लग्नही लागलं, की हा गुन्ह्याच्या जागी पोचायचा आणि लग्नाचा केक खाऊन चुकून चोरच पकडायचा. एक अक्षर बोलायचा नाही, नुसता घशातून गुणगुणायचा. त्यामुळे तो कुठल्याही देशाच्या टीव्हीवर चालण्यासारखा होता, आणि परदेशी टीव्हीवाले तो घ्यायला तयारही होते. त्या वर्षी झाग्रेबमधली सगळी पोरं कॉलर उभी करून भिंतीला घासत चालायची.

सातवा भाग घाईत झाला. परदेशी ग्राहक ठरल्यापेक्षा आधी येऊन थडकले, आणि आमचा प्रमुख क्रुनो माझ्या टेबलावरून तावांचा शेवटचा गठ्ठा उचलून सरळ कॅमेऱ्याकडे घेऊन गेला.

"अरे, तपासलेले नाहीत ते!" मी ओरडले.

"श्टेफा, एकदा तरी जगावर विश्वास ठेव," असं म्हणत तो जिन्यावरून पळाला.

मी ठेवला, आणि त्याचं काय झालं ते ऐका.

बुधवारी तळघरातल्या छोट्या थिएटरात खेळ लावला. पहिल्या रांगेत पक्षाच्या शहर समितीचे कॉम्रेड ब्रेझोवाच, त्यांच्या शेजारी दोन परदेशी पाहुणे, मागे आम्ही सगळे. शेवटच्या प्रसंगात इन्स्पेक्टर पूझला पदक मिळतं. तो ताठ उभा राहून थेट प्रेक्षकांकडे बघत सलाम ठोकतो, चेहरा पडदाभर. नेमकी तिथे फिल्म अडकली. पडद्यावर एकच चित्र गोठून राहिलं, आणि त्या चित्रात इन्स्पेक्टरने जीभ बाहेर काढली होती. ओठांच्या कोपऱ्यातून, जाडजूड. डोळे खाली, बरोबर पहिल्या रांगेवर. मग दिव्याच्या उष्णतेने फिल्मला मधोमध तपकिरी डाग पडला, तो पसरत गेला, आणि जीभ सगळ्यांत शेवटी जळाली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा विनोदच आहे. पोरी खिदळल्या. कॉम्रेड ब्रेझोवाच उठले, मान वळवून मागच्या रांगांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे माझ्यासाठी होतं का?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कारण ती जीभ कुणाची ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं असं की आमच्याकडे प्रत्येक चित्रकाराच्या टेबलावर एक आरसा असतो. इन्स्पेक्टर चिडलेला काढायचा तर आरशात बघून स्वतः चिडायचं आणि जे दिसेल ते काढायचं. त्यामुळे ज्याचा त्याचा इन्स्पेक्टर ज्याच्या त्याच्या तोंडवळ्याचा होतो. नाव न बघता आम्ही सांगू शकायचो, हा रात्कोचा, हा यागोदाचा. आणि पडद्यावर गोठलेला चेहरा तिहोमीरचा होता. तीच वर चढलेली एक भुवई, तेच बसकं नाक, आणि जीभ तर त्याचीच. चित्र काढताना तिहोची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते, हे सगळा स्टुडिओ बघत आलेला. त्याला स्वतःला पटायचं नाही एवढंच.

"मी नाही काढलं," तिहो म्हणाला. तो आमचा सगळ्यांत चांगला चित्रकार, पण बोलायला लागला की प्रत्येक वाक्यात भांडण. "मी नाही काढलं म्हणजे नाही काढलं. मला जीभ दाखवायची असती तर मी तोंडावर दाखवली असती."

"हे वाक्य परिषदेपुढे बोलू नकोस," क्रुनोने कपाळाला हात लावला.

सोमवारी कामगार परिषद बसणार होती. आमच्याकडे माणसाला मालक काढत नाही, आपलेच लोक हात वर करून काढतात, आणि ते जास्त लागतं. तिहोचा भाऊ मागे त्रिएस्तेकडून सीमेपार, इटलीत पळून गेलेला. तेव्हापासून तिहोच्या नावाला डाग होता आणि वरचेवर त्याला चौकशीला बोलावणं यायचं. आता समितीला जीभ दाखवल्याचा शेरा बसला तर स्टुडिओ सुटलाच, पण शहरात कुणी त्याला दुकानाच्या पाट्या रंगवायलाही उभं केलं नसतं. म्हातारी आई त्याच्या जिवावर. मला तिहो फारसा आवडत नसे, खरं सांगते. पण माझ्या टेबलावरून गठ्ठा न तपासता गेला आणि त्यात एका माणसाचा गळा अडकला, याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गठ्ठा माझ्यासमोर असता तर ती जीभ मी दारातच पकडली असती.

म्हणून मी शोध घ्यायचं ठरवलं.

पुरावा काहीच नव्हता. रंगवलेले ताव शूटिंग संपलं की धुवायच्या खोलीत जातात. सेल्युलॉइड महाग, रंग धुऊन तेच ताव पुन्हा वापरायचे. पेन्सिलीची मूळ चित्रं हिवाळ्यात भट्टी पेटवायला जातात. त्या प्रसंगातली मधली मधली चित्रं घाईघाईत चौघांनी वाटून घेतली होती, तिहो, रात्को, यागोदा आणि स्वतः क्रुनो. कुठलं कुणाचं ते कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे कुणाला आठवायचं नव्हतं.

स्टुडिओची हवाच बदलली. लोक टेबलावरून उठताना चित्रं पालथी घालून जाऊ लागले. कॉफीच्या वेळी चारजण बोलत असले आणि पाचवा आला की हवामानावर गप्पा सुरू. तिहो सगळ्यांकडे एकेक करून बघायचा, आणि ज्याच्याकडे बघायचा तो मान खाली घालायचा. कुणीतरी तिहोला मुद्दाम अडकवलंय, असं निम्मे म्हणत. तिहोने स्वतःच काढलं आणि आता दुसऱ्यावर ढकलतोय, असं उरलेले म्हणत. गिरवणाऱ्या मुलींतली एक मला म्हणाली, "मावशी, तुम्ही समितीला जाऊन सांगत तर नाही ना सगळं?" मी तिला रंगाची बशी फेकून मारणार होते.

माझा संशय रात्कोवर होता. त्याला तिहोच्या जागेवर डोळा होता हे उघड होतं. तिहोच्या चेहऱ्याची नक्कलही तो मस्त करायचा, पोटं धरून हसायचो आम्ही. आणि गेले काही दिवस तो जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायचा. गुरुवारी मी त्याच्या मागे गेले. इन्स्पेक्टर पूझसारखी, भिंतीला घासत, कॉलर उभी करून. तो कॅमेऱ्याच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. मनात पाल चुकचुकली. बराच वेळ जाऊ दिला आणि दार उघडलं.

रात्को कॅमेऱ्याच्या टेबलाखाली कोट पांघरून झोपला होता.

"ओरडू नकोस, श्टेफा," तो डोळे न उघडताच म्हणाला. "घरी जुळी झालीत. एक झोपतं तेव्हा दुसरं उठतं. क्रुनोला सांगशील तर मी मरेन."

"आणि जीभ?"

"कसली जीभ?" मग त्याने डोळे उघडले. "तू मला विचारतेस? मला आत्ता माझी स्वतःची जीभ कुठे आहे ते ठाऊक नाही!"

मी दार हळूच लावून घेतलं. आतून तो म्हणाला, "इन्स्पेक्टरीणबाई, अर्ध्या तासाने उठव." शेवटी उठवलाही मीच.

शुक्रवारी मात्र डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे एकेका चित्राचे दोन-दोन फोटो घेतात, नाहीतर चाल फार घाईची होते. म्हणजे जळालेल्या चित्राचं जुळं भावंड फिल्मवर शिल्लक असणार! मी प्रोजेक्टरवाल्याकडे गेले. जळालेला तुकडा कापून त्याने फिल्म जोडली होती, पुढचं चित्र शाबूत होतं.

"हे पण कापायचंय सोमवारी, परिषदेचा हुकूम येईलच," तो म्हणाला.

"मग मला आज बघू दे."

काचेखाली दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं आणि नखाएवढ्या चित्रात डोकं खुपसलं. जीभ होतीच. भुवई होती. पण मी बटणं मोजणारी बाई, मला जीभ एवढीच दिसत नाही. आधीच्या चित्रात इन्स्पेक्टर समोर बघत होता, नंतरच्या चित्रात समोर बघत होता. या एकाच चित्रात डोळे खाली होते. आणि कपाळावर केसांची एक बट उतरलेली होती. इन्स्पेक्टर पूझला केस नाहीत. तिहोला आहेत. खाली वाकून काम करताना ती बट त्याच्या कपाळावर येते आणि मान वर केली की आपोआप मागे जाते.

मी भिंग खाली ठेवलं.

आरशात बघून चित्र काढणारा माणूस स्वतःचे समोर बघणारे डोळे बघतो. खाली झुकलेले आपले डोळे कुणालाच आरशात दिसत नाहीत, कारण बघायला जावं तर ते वर येतात. ही बट, हे झुकलेले डोळे, ही जीभ, कामात बुडालेला तिहोचा हा चेहरा तिहोने जन्मात कधी पाहिलेला नव्हता. तो कुणाला जीभ दाखवतच नव्हता. तो चित्र काढत होता, आणि त्याला बघत दुसरं कुणीतरी चित्र काढत होतं.

कोण? चित्रकारांच्या खोलीत सगळी टेबलं खिडकीकडे तोंड करून, एकामागे एक. तिहोचं शेवटचं. त्याच्या समोर कुणाचं तोंड नाही, नुसत्या पाठी.

मी जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत गेले. सगळे खाली कोबीचं सार आणि सॉसेज खायला गेलेले. तिहोच्या पुढचं टेबल यागोदाचं. यागोदाचा मला कधी संशयच आला नव्हता. दार जोरात आपटलं तर दाराची माफी मागेल अशी बाई. पस्तिशीची, आईबरोबर राहणारी, तिचं बोलणं ऐकायचं तर तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. तिच्या टेबलावर आरसा नव्हता. बाकी सगळ्यांच्या टेबलावर होता. आणि मला एकदम आठवलं, बुधवारपासून तिच्याकडून येणाऱ्या चित्रांत इन्स्पेक्टरचा चेहरा मेल्यासारखा येत होता. मी दोनदा परत पाठवली होती.

आरसा तिच्या खणात सापडला, फडक्यात गुंडाळलेला. टेबलाच्या लाकडावर त्याच्या पायांचे वर्षानुवर्षांचे खळगे पडले होते. आरसा मी त्या खळग्यांत बसवला आणि तिच्या खुर्चीवर बसले. आरशात माझं तोंड दिसलं नाही. माझा खांदा दिसला, आणि खांद्यावरून मागे, तिहोची रिकामी खुर्ची.

मी तिथे किती वेळ बसून होते कोण जाणे. बसल्या जागी मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

यागोदा मला धुतलेले ताव वाळत घालतात त्या खोलीत सापडली. ती जेवायला जात नसे हे मला तेव्हा कळलं.

"आरसा पुन्हा खळग्यात ठेव," मी म्हटलं. "त्याच्याशिवाय तुझा इन्स्पेक्टर मढ्यासारखा दिसतोय."

ती पांढरीफटक पडली. दोरीवरच्या ओल्या तावांमागे जाऊन उभी राहिली, जणू त्यांच्याआड लपता येणार होतं. ते तर पारदर्शक.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या भागापासून."

"आणि त्या गाढवाला पत्ता नाही?"

"तो मान कुठे वर करतो, श्टेफा?" ती हे केवढ्या मायेने म्हणाली!

मग तिने सांगितलं. क्रुनो डोक्यावर उभा होता, लवकर करा, लवकर करा. तिचा हात चालत होता, डोळे आरशात होते. कागदाकडे बघितलं तेव्हा इन्स्पेक्टरच्या टोपीखाली तिहो उतरला होता. फाडणार होती, एवढ्यात गठ्ठा कुणी गिरवायला उचलून नेला. "मागे धावायला हवं होतं. धावले नाही. म्हटलं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाईल, कोण बघतंय? मला... मला बरं वाटलं. तो तिथे असेल आणि कुणाला दिसणार नाही, म्हणून."

"आणि फिल्म नेमकी तिथेच अडकली."

"माझं नशीब," ती म्हणाली. "बुधवारपासून पोटात अन्न ठरत नाही. पण मी सोमवारी सांगणार आहे. तो सुटेल, तू काळजी करू नकोस."

"बरं होईल. हसतील चार दिवस, मग विसरतील."

"हे नाही सांगणार." तिने माझा हात धरला, बोटं बर्फासारखी. "मी सांगेन की मी मुद्दाम काढलं. कॉम्रेड ब्रेझोवाचना जीभ दाखवायची होती म्हणून."

"डोकं फिरलंय का तुझं? तो राजकीय गुन्हा होतो! खरं सांगितलंस तर कुणी केसालाही धक्का लावणार नाही. हसतील फार तर."

"तेच तर," यागोदा म्हणाली. "तेच तर, श्टेफा. तीसजण हसतील, आणि तो त्यांच्यात बसलेला असेल. मला तुरुंग परवडला. तू तोंड उघडणार नाहीस अशी शपथ घे."

मी घेतली. शिव्या देत देत घेतली.

सोमवारी परिषद बसली. खालच्या थिएटरातच, त्याच खुर्च्यांवर. कॉम्रेड ब्रेझोवाच हिरव्या फडक्याच्या टेबलामागे बसले होते. क्रुनोने तिहोला उभं केलं आणि घसा खाकरला, तेवढ्यात यागोदा उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"ते चित्र माझं आहे. तिहोमीरने काढलेलं नाही. मी काढलं, मुद्दाम."

रात्को जागा झाला. कॉम्रेड ब्रेझोवाच चष्म्यावरून बघू लागले. "तुम्ही? का, कॉम्रेड?"

पुढचं तिने ठरवलेलंच नव्हतं. ती गांगरली. "तुमच्या भाषणामुळे," ती म्हणाली.

"कुठल्या भाषणामुळे?"

"सगळ्याच."

मागे कुणाला तरी खोकल्याची उबळ आली, ती सगळ्या रांगेत पसरली. क्रुनो छताकडे बघत होता. मला हसू आलं नाही. मी तिहोकडे बघत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझं काळीज चरकलं.

"पाच दिवस!" तिहो गरजला. "पाच दिवस तू माझ्यापुढे पाठ करून बसलीस! चित्र तुझं आणि तोंड माझं वापरलंस? माझा भाऊ, माझी आई, सगळं तुला ठाऊक आहे. मला पुढे केलंस आणि मागे लपलीस! तुझ्यासारखी मुकी माणसंच सगळ्यांत वाईट!"

यागोदाने मान खाली घातली. मी खुर्चीचा दांडा एवढा घट्ट धरला होता की नख मोडलं. त्याला सगळं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण शपथ आड येत होती.

तिला काढून टाकलं नाही, त्याचं श्रेय परदेशी पाहुण्यांना. त्यांना ती जीभ एवढी आवडली होती की पुढच्या प्रत्येक भागात ती हवी असं त्यांनी कळवलं होतं. ज्या जिभेने माल खपतो तिच्यासाठी माणूस काढला तर वर काय सांगायचं, हा पेच कॉम्रेड ब्रेझोवाचना पडला. हात वर झाले, ठराव पास झाला. सातव्या भागातलं चित्र कापायचं, आणि यागोदाने पेन्सिल खाली ठेवून वर्षभर धुवायच्या खोलीत ताव धुवायचे. तिहो निर्दोष.

लोक उठून गेले. तिहो अंगात कोट अडकवत होता. मी त्याच्या वाटेत उभी राहिले.

"थांब. तुला एक दाखवायचंय."

"मला ते चित्र बघायचं नाही, श्टेफा. बघून झालंय."

"जीभ बघू नकोस," मी म्हटलं. ठराव होताच प्रोजेक्टरवाल्याकडून कापून आणलेला तुकडा मी खिशातून काढला आणि भिंगासकट त्याच्या हातात कोंबला. "डोळे बघ. तू चित्रकार आहेस ना?"

तो कुरकुरत दिव्याखाली गेला. तुकडा वर धरला. बघितलं. पुन्हा बघितलं. त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि त्याने केसांची बट मागे सारली.

"हा मी आहे," तो म्हणाला. भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "असा मी आहे?"

मी शपथ घेतली होती. मी तोंड उघडलं नाही.

"पण हे कुणाला दिसेल? कुठून?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला आणि एकदम थांबला. तुकडा मुठीत धरून तो जिना चढून गेला. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. चित्रकारांच्या खोलीत कुणी नव्हतं. यागोदाने टेबल आवरून ठेवलं होतं, पेन्सिली बरोबर नेल्या होत्या. आरसा मात्र तिथेच, खळग्यांत. तिहो आपल्या जागेवर बसला आणि मान वर करून पुढच्या टेबलावरच्या आरशात बघू लागला. आरशात यागोदाची जागा होती, रिकामी; तिथे बसलं की आरशातून तोच दिसणार.

"मी तिला मुकी म्हणालो," तिहो म्हणाला.

"म्हणालास," मी म्हटलं. त्याला बरं वाटावं असं काही बोलायची माझी इच्छा नव्हती.

दोन दिवस तो कुणाशी भांडला नाही. क्रुनो घाबरला, डॉक्टरला बोलवावं का म्हणाला. तिसऱ्या दिवशी धुवायचा गठ्ठा पाठवायची वेळ झाली. हे काम पोरींचं. तिहो आला, गठ्ठा उचलला आणि म्हणाला, "मी नेतो."

"मोजून दे," मी म्हटलं. गठ्ठा माझ्या टेबलावरून मोजूनच जातो, आणि मोजूनच परत येतो.

मी मोजायला लागले. वरचे सगळे ताव इन्स्पेक्टरचे. सर्वांत खालचा नव्हता. त्यावर काळ्या शाईने, रंग न भरता, एक बाई काढलेली होती. टबावर वाकलेली, बाह्या कोपरापर्यंत वर, हात पाण्यात, डोळे खाली. धुवायच्या खोलीच्या दाराला काच आहे. त्या काचेआड कुणीतरी बराच वेळ उभं राहिल्याशिवाय हे चित्र निघालं नसतं. चित्रात चूक एकही नव्हती, मी तपासलं.

तिहोचे कान लाल झाले होते. मी गठ्ठा ठाकठीक केला आणि त्याच्या हातात दिला.

"शाई वाळलेली नाही," मी म्हटलं. "सांभाळून ने."

तो गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या मागे गेले नाही. धुवायच्या खोलीतून नळाचा आवाज येत होता, मग नळ बंद झाला.

संध्याकाळी धुतलेले, वाळलेले ताव माझ्या टेबलावर आले. मी मोजले. एक कमी होता. पुन्हा मोजले. क्रुनो जाता जाता थबकला आणि म्हणाला, "काय गं, बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत," मी म्हटलं आणि दिवा मालवला.